सोने शोधताना जुने नाणे हाती लागले तर : व्हिक्टोरियातील नवख्या शोधकांसाठी मार्गदर्शन

गुप्तधन दिसायला माणूस पायाळू असावा लागतो, अशी समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या सोनपट्ट्यात मेटल डिटेक्टर आणि सरकारी परवाना एवढे असले की कोणीही शोधाला निघू शकतो, आणि म्हणूनच मेलबर्नच्या पश्चिम उपनगरांत राहणारी आपली मंडळी शनिवारी पहाटे डबा बांधून डनॉली, टार्नागुल्ला किंवा वेडरबर्नच्या रस्त्याला लागलेली दिसतात. पहिल्या काही फेऱ्यांत सोने बहुधा मिळत नाही. मिळतात ते गंजलेले खिळे, बंदुकीचे छर्रे, डब्यांचे पत्रे, आणि कधी तरी, मुळीच अपेक्षा नसताना, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे एखादे नाणे. त्या क्षणी काय करावे हे आधी ठाऊक नसल्यामुळे बहुतेक नवखे एकच गोष्ट करतात, ती म्हणजे अंगठ्याने माती घासून साल वाचू पाहतात. ती करू नये, हे या लेखाचे पहिले सांगणे. त्याऐवजी काय करावे, ते पुढे क्रमाने दिले आहे.

नाणी तेथे आली कशी

व्हिक्टोरियात १८५१ मध्ये क्लून्स, बॅलरॅट, कॅसलमेन आणि बेंडिगो या भागांत एकापाठोपाठ एक सोने सापडले आणि जगभरातून माणसे लोटली. ही माणसे घरांत नव्हे, तर कापडी तंबूंत राहत होती. तंबूची जमीन म्हणजे उघडी माती. तीवर पालापाचोळा आणि पावसाचा चिखल. अंधारात खिशातून निसटलेले तीन पेन्सचे नाणे, जे जेमतेम १६ मिलिमीटर व्यासाचे आणि दीड ग्रॅमहूनही हलके असे, ते पुन्हा सापडण्याची शक्यता फारच थोडी होती. नव्या ठिकाणी सोने लागल्याची वार्ता आली की संपूर्ण वस्ती आठवडाभरात उठून जाई आणि मागे राहिलेले शोधायला कोणी परत येत नसे. त्यामुळे आज जेथे निलगिरीच्या जातीच्या झाडांखेरीज काहीही दिसत नाही, तेथे कधी काळी दुकान, खाणावळ, दारूचा गुत्ता आणि जुगाराचा तंबूही असू शकतो.

चिनी नाण्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. दक्षिण चीनमधून आलेल्या खाणकामगारांवर व्हिक्टोरियाच्या सरकारने १८५५ मध्ये माणशी दहा पौंडांचा कर बसवला. तो चुकवण्यासाठी हजारो जण शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियातील रोब या बंदरावर उतरले आणि तेथून शेकडो किलोमीटर पायी चालत सोनपट्ट्यात पोहोचले. त्यांच्या वस्त्यांच्या जागी मध्यभागी चौकोनी भोक असलेली पितळी नाणी मिळतात. तेथील दुकानांत ही नाणी व्यवहाराला चालत नसत. बरीचशी फॅन-टॅन नावाच्या जुगारात मोजणीच्या सोंगट्यांसारखी वापरली जात.

परवाना आणि जागा : निघण्यापूर्वीचे काम

व्हिक्टोरियात सोने शोधण्यासाठी 'माइनर्स राइट' नावाचा परवाना लागतो. तो ऑनलाइन मिळतो, दहा वर्षे चालतो आणि त्याचे शुल्क साधारण तीस डॉलरच्या आसपास असते. या परवान्यावर शोधाला खुल्या असलेल्या सरकारी जमिनीवर, तसेच मालकाची संमती असेल तर खासगी जमिनीवर, केवळ हातअवजारांनी खणता येते. खणलेला प्रत्येक खड्डा बुजवणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय उद्याने सर्वसाधारणपणे बंद असतात, काही ठिकाणी ठरावीक पट्टे तेवढे खुले असतात. म्हणून राज्य सरकारच्या 'जिओव्हिक' या नकाशावर जागा तपासल्याशिवाय गाडी काढू नये. शेजारच्या राज्यांचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे व्हिक्टोरियाचा परवाना न्यू साउथ वेल्समध्ये चालत नाही.

नवख्यांच्या ध्यानात न येणारा मुद्दा पुढे आहे. हा परवाना खनिजांसाठी आहे. त्याने सापडलेले सोने ठेवून घेण्याचा हक्क मिळतो. नाणे, बटण, बाटली किंवा चिलीम हे खनिज नव्हे, आणि 'सापडले म्हणजे आपले' असे त्यांच्याबाबतीत गृहीत धरता येत नाही. राज्याच्या २०१७ च्या वारसा कायद्यानुसार ७५ वर्षांहून जुने अवशेष असलेली पुरातत्त्वीय स्थळे संरक्षित आहेत, आणि हे संरक्षण स्थळाचे नाव यादीत नसले तरी लागू होते. यादीतील स्थळी, म्हणजे व्हिक्टोरियन हेरिटेज रजिस्टर किंवा हेरिटेज इन्व्हेंटरी यांत नोंदलेल्या जागी, परवानगीविना उकरणे हा गुन्हा आहे. या दोन्ही याद्या ऑनलाइन पाहता येतात. आदिवासी वारशाला २००६ च्या स्वतंत्र कायद्याचे संरक्षण आहे. दगडी हत्यारे किंवा त्यांचे छिलके दिसले तर त्यांना हात न लावता तेथून बाजूला व्हावे.

जागेवर पोहोचल्यावरही डोळे उघडे ठेवावेत. दगडी चुलीचा पडका भाग, कोसळलेल्या भिंतीचा पाया, किंवा घोडा फिरवून चिकणमाती कालवण्यासाठी खणलेला गोल चर दिसला, तर ते एखाद्या जुन्या उद्योगाचे किंवा घराचे अवशेष आहेत असे समजून तेथे डिटेक्टर बंद करावा. माझ्या मते ही एक सवय लावून घेतली तर पुढच्या निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात सांगतो. जुन्या खाणींची उघडी विवरे झुडपांत लपलेली असतात, म्हणून नजर हेडफोनमधल्या आवाजावर नव्हे तर पायांपुढे असावी. उन्हाळ्यात साप, उष्मा आणि वणव्याची बंदी हे तिन्ही एकत्र येतात. हिवाळ्यात जमीनही मऊ असते. नवख्याने सुरुवात तेव्हाच करावी.

सिग्नल ऐकताना

नाण्यांसाठी डिटेक्टर वापरणारे लोक यंत्रावर धातू निवडण्याची सोय चालू ठेवतात आणि लोखंडाचे व पत्र्याचे आवाज गाळून टाकतात. सोने शोधणाऱ्याला ही चैन परवडत नाही. लहान सोन्याचा कण हा विजेच्या दृष्टीने कमजोर वाहक ठरतो आणि यंत्राच्या पडद्यावरचा, धातूचा प्रकार सुचवणारा त्याचा आकडा अॅल्युमिनियमच्या चांदीसारख्या कागदाच्या किंवा डब्याच्या कडीच्या जवळपास येतो. याउलट चांदी आणि तांब्याच्या नाण्यांचा आकडा वरच्या टोकाला असतो. त्यामुळे पडद्यावर वरचा, स्थिर आणि दोन्ही दिशांनी सारखाच येणारा आकडा दिसला तर नाण्याची शक्यता मोठी.

सोनपट्ट्यातील लाल, लोहयुक्त जमिनीत अनुभवी शोधक पल्स इंडक्शन पद्धतीची, म्हणजे विजेचे तुटक ठोके सोडून धातू शोधणारी, यंत्रे वापरतात, कारण साधी यंत्रे तेथील जमिनीच्याच आवाजाने गांगरतात. या यंत्रांवर आकडा नसतो. आवाजाच्या चढउतारावरून अंदाज बांधावा लागतो. उथळ आणि लहान सोने बहुधा आधी उंच, मग खाली जाणारा सूर देते. मोठा किंवा खोल तुकडा आधी खाली, मग उंच. तांब्याची जाड पेनीही मोठ्या तुकड्यासारखाच सूर देते. म्हणजेच 'हे नाणे असेल, सोडून देऊ' असे म्हणून मोठा सूर टाळणारा माणूस नेमके मोठे सोने टाळण्याचा धोका पत्करतो. किंगोवर येथे १९८० मध्ये डिटेक्टरने सापडलेला 'हँड ऑफ फेथ' हा गोळा २७ किलोंचा होता. उथळ सिग्नलकडेही दुर्लक्ष करू नये. मोलिआगुल येथे ५ फेब्रुवारी १८६९ रोजी जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना मिळालेला 'वेलकम स्ट्रेंजर' जमिनीखाली अवघ्या तीन सेंटिमीटरवर होता, आणि तो वितळवल्यावर सुमारे ७१ किलो सोने निघाले. थोडक्यात, सगळेच खणावे लागते, आणि सगळेच खणणाऱ्याला नाणी मिळणारच.

खणतानाची पाच मिनिटे

ही पाच मिनिटे सर्वांत महत्त्वाची आहेत, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

माझे पहिले नाणे डनॉलीच्या जवळच्या जंगलात मिळाले. सूर जाड होता, आणि मला वाटले की आता नशीब उघडले. मी कुदळीचा घाव सरळ आवाजाच्या मध्यावर घातला. मातीच्या ढेकळातून हिरवट तपकिरी चकती बाहेर आली तेव्हा तिच्यावर राणी व्हिक्टोरियाच्या गालापासून मानेपर्यंत एक ताजा, तांबडा, लखलखीत ओरखडा होता. दीडशे वर्षे मातीने जे केले नव्हते ते मी एका घावात केले. मग साल वाचण्याच्या घाईत अंगठ्याने घासले. मातीतील वाळूच्या कणांनी उरलेसुरले केसही पुसले गेले. ते नाणे आजही माझ्याकडे एका पाकिटात आहे, आणि नवीन माणूस बरोबर आला की त्याला मी ते आधी दाखवतो.

तर योग्य रीत अशी. सिग्नल मिळाल्यावर कॉइल, म्हणजे डिटेक्टरच्या टोकाची चकती, आडवी-उभी फिरवून त्याचा मध्य नक्की करावा आणि कुदळ त्या मध्यापासून वीतभर लांब टेकवावी. माती बाजूने कापत यावे, म्हणजे घाव वस्तूवर न पडता तिच्या खाली जातो. ढेकूळ सैल झाले की कुदळ खाली ठेवून हाताने किंवा प्लास्टिकच्या खोऱ्याने काम करावे. माती खोऱ्यात घेऊन कॉइलसमोरून फिरवावी, आवाज आला तर अर्धी टाकावी, पुन्हा फिरवावी, असे करत शेवटी मूठभर माती उरते. कुदळीला लावलेल्या चुंबकाला वस्तू चिकटली तर ती लोखंडाची. चिकटली नाही तर बोटांनी हळूच चाचपावे.

चकतीसारखे काही दिसले की ते कडेने धरावे, पोटावर बोट लावू नये. फोनने तीन फोटो घ्यावेत : वस्तू जशी निघाली तशी, खड्डा, आणि परिसर. फोनच्या नकाशावर जागेची खूण करावी आणि वस्तू किती खोलीवर होती तेही लिहावे. बहुतेक नाणी वीतभर खोलीच्या आतच असतात. त्यानंतर नाणे मातीसकट कागदाच्या छोट्या पाकिटात घालून वर क्रमांक टाकावा. ओले असेल तर पाकीट उघडे ठेवावे. पँटच्या खिशात किल्ल्यांबरोबर नाणे टाकणे म्हणजे ते किसणीवर घासणे.

यानंतर उठून उभे राहावे आणि आजूबाजूला पाहावे. जमिनीवर जाड काळ्या-हिरव्या बाटलीच्या काचा, पांढऱ्या मातीच्या चिलमीचे तुकडे, चिनी मातीच्या भांड्यांचे खापर, बुटांचे खिळे दिसतात का? एकटेच नाणे वाटेने जाणाऱ्याच्या खिशातून पडलेले असू शकते. मात्र त्याच्यासोबत या गोष्टी दाट असतील, किंवा दुसऱ्याच खड्ड्यात दुसरे नाणे निघाले, तर आपण वस्तीच्या जागेवर उभे आहोत. येथे थांबावे. आणखी खणल्याने वस्तू मिळतील, पण कोणती वस्तू कशाजवळ होती हा संबंध कायमचा मोडेल, आणि वर सांगितलेला कायदाही मोडला जाईल. खड्डा बुजवून, जागेची नोंद करून हेरिटेज व्हिक्टोरिया या सरकारी खात्याला कळवावे.

सोन्याच्या दृष्टीनेही तेथे रेंगाळण्यात फारसा अर्थ नसतो. माणसे राहत होती तेथे सोने होतेच असे नाही. ते ओढ्याच्या काठी किंवा टेकडीच्या उतारावर असे, आणि तंबू थोड्या अंतरावर, पाण्याच्या व सपाटीच्या सोयीने लावलेले असत. नाणे मिळाले म्हणजे खणणारे येथे जवळपास होते एवढाच बोध घ्यावा आणि कॉइल उताराकडे न्यावी.

नाणे ओळखण्याची रीत

घरी आल्यावर नाण्याचा व्यास आणि वजन घ्यावे. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा पुरतो, पण दशांश दाखवणारा असेल तर उत्तम. साल पुसले गेलेले असले तरी या दोन आकड्यांवरून बरेच कळते.

सर्वांत जास्त मिळते ती ब्रिटिश पेनी. १८६० पर्यंत ती तांब्याची, ३४ मिलिमीटरची आणि जवळजवळ १९ ग्रॅमची होती. त्या वर्षापासून ती कांस्याची, सुमारे ३१ मिलिमीटर व्यासाची आणि साडेनऊ ग्रॅमची झाली. आजोबांच्या पेटीत बंदा रुपया पाहिला असेल त्याला हा आकार लगेच ओळखू येईल, कारण दोन्ही जवळपास सारखेच. चांदीत शिलिंग साधारण साडेतेवीस मिलिमीटर व ५.६५ ग्रॅम, सहा पेन्स त्याच्या निम्म्या वजनाचे, आणि तीन पेन्स त्याच्याही निम्म्या.

तांब्याची जाड चकती हाती आली, तिच्यावर ना राजा ना राणी, उलट एखाद्या किराणावाल्याचे किंवा कापडवाल्याचे नाव व पत्ता असेल, तर ते व्यापारी टोकन आहे. सुट्ट्या पैशांची टंचाई इतकी होती की दुकानदार स्वतःच्या नावाने पेनी व अर्ध्या पेनीची टोकने पाडून घेत. मेलबर्नच्या अॅनंड स्मिथ आणि कंपनी या किराणा दुकानाने १८४९ मध्ये याची सुरुवात केली आणि १८६० च्या दशकापर्यंत ही टोकने चालली. मेलबर्नमध्ये थॉमस स्टोक्स या कारागिराने ती मोठ्या प्रमाणावर पाडली. मला स्वतःला ही टोकने राणीच्या नाण्यांपेक्षा जास्त आवडतात. ती म्हणजे त्या काळच्या बाजारपेठेतल्या पाट्याच होत.

चौकोनी भोकाचे चिनी नाणे ठोकून पाडलेले नसते, तर साच्यात ओतलेले असते. एका बाजूला चार चिनी अक्षरे असतात, त्यांतील दोन सम्राटाच्या राजवटीचे नाव सांगतात. दुसऱ्या बाजूला मांचू लिपी असते. चिएनलुंग (१७३६ ते १७९५) आणि ताओक्वांग (१८२१ ते १८५०) ही नावे त्यांवर आढळतात. अठराव्या शतकातील नाणे पाहून नवखा शोधक हरखून जातो, परंतु ही नाणी शतकभर चलनात राहत, त्यामुळे १७५० चे नाणे १८६० मध्ये हरवलेले असणे अगदी स्वाभाविक आहे. हा नियम सर्वच नाण्यांना लागू आहे : नाण्यावरचे साल हे ते हरवल्याचे साल नव्हे, ते त्याआधी हरवले नाही एवढेच त्यावरून ठरते.

ऑस्ट्रेलियाच्या संघराज्याची स्वतःची चांदीची नाणी १९१० मध्ये आणि कांस्याची १९११ मध्ये निघाली. १९४५ पर्यंत त्यांत ९२.५ टक्के चांदी होती, १९४६ पासून ती निम्म्यावर आली. १४ फेब्रुवारी १९६६ रोजी दशमान चलन आले आणि पेनी-शिलिंग हळूहळू बाद झाले. या नाण्यांत १९३० ची पेनी फार दुर्मीळ मानली जाते, त्यामुळे त्या दशकातील पेनी मिळाली की प्रत्येक जण भिंग शोधू लागतो. ती मिळण्याची आशा ठेवू नये, पण साल मात्र तपासावे.

मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट आवर्जून तपासावी. १९४२ आणि १९४३ च्या ऑस्ट्रेलियन पेनीवर राजाच्या डोक्याखाली बारीक इंग्रजी 'आय' अक्षर असेल, तर ती पेनी मुंबईच्या टांकसाळीत पाडलेली आहे. युद्धकाळात ऑस्ट्रेलियाला सुट्ट्या नाण्यांची गरज इतकी वाढली की फोर्टातल्या टांकसाळीला काम देण्यात आले. पहिल्या महायुद्धात, १९१६ ते १९१८ या काळात, हेच काम कोलकात्याच्या टांकसाळीने केले होते आणि त्या नाण्यांवरही 'आय' हेच अक्षर आहे. हिंदुस्थानी नाण्यांचा या भूमीशी संबंध त्याहूनही जुना : न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर किंग यांनी १८०० मध्ये परदेशी नाण्यांचे दर ठरवून दिले तेव्हा त्या यादीत रुपया अडीच शिलिंगांना, पॅगोडा हे दक्षिण हिंदुस्थानातले सोन्याचे नाणे आठ शिलिंगांना आणि मोहोर साडेसदतीस शिलिंगांना धरली होती.

राहिली गिनी. आपल्याकडे ज्याला सर्रास गिनी म्हणतात ते सॉव्हरिन हे २२ कॅरटचे, ७.९८८ ग्रॅम वजनाचे आणि २२ मिलिमीटरचे नाणे मातीतून निघते तेव्हा काल पाडल्यासारखे पिवळेधमक असते, कारण सोने काळवंडत नाही. सिडनीच्या टांकसाळीने १८५५ ते १८७० या काळात पाडलेल्या सॉव्हरिनवर मागच्या बाजूला पानांच्या वेटोळ्यात 'ऑस्ट्रेलिया' हा शब्द असतो, आणि १८५७ पासूनच्या नाण्यांत राणीच्या केसांत बँक्सिया या देशी झाडाची डहाळी खोवलेली दिसते. मेलबर्नची टांकसाळ १८७२ मध्ये सुरू झाली. तिच्या सॉव्हरिनवर इंग्रजी 'एम' आणि सिडनीच्या नंतरच्या नाण्यांवर 'एस' असते. एकट्या १९१८ या वर्षी मुंबईतही सॉव्हरिन पाडले गेले व त्यांवर पुन्हा तेच 'आय' आहे. घरात वडिलोपार्जित गिनी असेल तर या निमित्ताने तिचीही खूण पाहून घ्यावी.

घासू नये

आपल्या घरात तांबे-पितळ काळे दिसले की चिंच, लिंबू-मीठ किंवा पितांबरी पुढे येते, आणि ही सवय इतकी मुरलेली असते की सापडलेले नाणे पाहताच घरातले कोणी तरी ते बेसिनकडे घेऊन जाते. कृपया जाऊ देऊ नये. तांब्या-कांस्यावर जमलेला तपकिरी-हिरवा गुळगुळीत थर हा नाण्याचा आताचा पृष्ठभाग आहे. अक्षरांचे आणि केसांचे बारकावे त्याच थरात शिल्लक आहेत. आम्लाने तो विरघळला की खाली खडबडीत, गुलाबी, बारीक खड्डे पडलेला धातू उरतो, आणि त्याला चकाकी असली तरी मजकूर नसतो. चांदीच्या काळसरपणाचेही तसेच. त्यावर अॅल्युमिनियमचा कागद आणि खाण्याच्या सोड्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. मी तो करणार नाही.

करता येण्याजोगे एवढेच : नाणे ऊर्ध्वपातित पाण्यात, म्हणजे इस्त्रीसाठी बाटलीत मिळते त्या पाण्यात, एक-दोन दिवस बुडवून ठेवावे, पाणी बदलत राहावे, आणि आपोआप सुटेल तेवढीच माती जाऊ द्यावी. चिकटून बसलेला ढेकूळ बाभळीच्या किंवा बांबूच्या बारीक काडीने, भिंगाखाली, न घासता उचलता येईल तर उचलावा. नंतर टिपकागदावर ठेवून पूर्ण वाळू द्यावे. वाळल्यानंतर कांस्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड दिसू लागली तर तो आतून चालू असलेला गंज आहे. असे नाणे इतरांपासून वेगळे, कोरड्या जागी ठेवावे आणि जतनाचे काम जाणणाऱ्याला दाखवावे. साठवणीसाठी कागदी पाकीट किंवा नाण्यांसाठीच बनवलेली चौकट वापरावी, कारण मऊ प्लास्टिकच्या पिशव्यांतून सुटणारे रसायन काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर आणते. सोन्याचे नाणे तेवढे साध्या पाण्याने धुतले तरी चालते. घासायचे मात्र तेही नाही.

नोंद, सल्ला आणि नाण्याची पुढची वाट

एका वहीत प्रत्येक नाण्याचा क्रमांक, तारीख, जागा, खोली, व्यास, वजन आणि सोबत दिसलेल्या वस्तू लिहाव्यात. दोन-तीन वर्षांनी हीच वही नाण्यांपेक्षा अधिक उपयोगी पडते, कारण कोणत्या उतारावर काय मिळाले याचे चित्र तीतून उभे राहते. स्थानिक इतिहास मंडळांना अशा नोंदी हव्या असतात. चिनी नाण्यांबाबत बेंडिगोच्या गोल्डन ड्रॅगन संग्रहालयात विचारावे.

खासगी जमिनीवर खणताना मालकाशी आधीच, लेखी, दोन गोष्टी ठरवाव्यात : सोन्याचे काय आणि जुन्या वस्तूंचे काय. सोन्याचे ठरवून नाण्यांचे विसरणारे बरेच असतात, आणि मग एक सॉव्हरिन निघाले की दोन्ही बाजूंची मने कडवट होतात.

पैशांच्या अपेक्षेबद्दल स्पष्ट सांगणे बरे. जमिनीतून निघालेली, झिजलेली, गंजलेली पेनी विकून गाडीच्या पेट्रोलचाही खर्च निघत नाही. सॉव्हरिनमध्ये सव्वासात ग्रॅमहून थोडे अधिक शुद्ध सोने असल्यामुळे त्याला किंमत आहेच, पण ते विकण्याचा विचार करण्यापूर्वी ते कोणाच्या जमिनीतून निघाले आणि आपला त्यावर हक्क आहे का, हे आधी तपासावे.

सुट्टीत भारतात जाताना 'आईला दाखवायला' म्हणून ही नाणी सामानात टाकण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. ऑस्ट्रेलियाच्या १९८६ च्या जंगम सांस्कृतिक वारसा कायद्याखाली नाण्यांचाही समावेश आहे आणि काही वस्तू देशाबाहेर नेण्यासाठी परवाना लागतो, म्हणून तिकीट काढतानाच चौकशी करावी. आईला फोटो दाखवावा.

आणि डिटेक्टर तर भारतात नेऊच नये. येथे सवय झाली की सिंहगडाच्या किंवा राजगडाच्या पायथ्याशी एक फेरी मारावी असे वाटू शकते. संरक्षित स्मारकाच्या परिसरात परवानगीविना खणणे कायद्याने गुन्हा आहे. इतर कोणत्याही जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे काहीही सापडले, तर १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू होतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. गावच्या शेतात विहीर खणताना हंडा निघाला तरी नियम तोच, मग माणूस पायाळू असो वा नसो.